मधलं नाव : नल

कॉम्प्युटरच्या पोरांनी मराठी विभागात लिहायचं म्हणजे एकतर सबमिशनवर विनोदी लेख, नाहीतर पहिल्या पावसावर कविता, असा आपल्या अंकाचा अलिखित नियम आहे. मी आज दोन्ही करणार नाही. मी एका फंक्शनबद्दल लिहिणार आहे. सहा ओळींचं फंक्शन, माझ्याच हाताने लिहिलेलं, ज्याच्यामुळे आपल्याच वर्गातली सतरा मुलं एका यादीतून गायब झाली होती. मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या वाचकांनी लगेच पान उलटू नये. विषय नावांचा आहे, आणि नाव तुम्हालाही असतं.

तर झालं असं. गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या आदल्या आठवड्यात कॅम्पससाठी एक कंपनी येणार होती. टीपीओ सरांनी मला आणि माझ्या प्रोजेक्ट पार्टनरला बोलावून सांगितलं, "डिपार्टमेंटचा डेटाबेस आहेच, त्यातून एलिजिबल मुलांची यादी काढा. एका ओळीत एक मुलगा. रोल नंबर, पूर्ण नाव, डिव्हिजन, सगळं एकत्र पाहिजे. संध्याकाळपर्यंत." आम्ही दोघं एकदम खुश! चार वर्षांत पहिल्यांदा आपल्या एसक्यूएलची कोणाला तरी गरज पडली होती.

टेबलात नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असे तीन वेगळे रकाने होते. मी ठरवलं की असं जोडकाम दर वेळी क्वेरीत लिहायचं नाही, एक फंक्शनच बनवायचं. नाव ठेवलं 'पूर्णनाव'. तीन स्ट्रिंग आत घ्यायच्या, मध्ये एकेक स्पेस घालून जोडायच्या, एक स्ट्रिंग बाहेर द्यायची. लॅबच्या जर्नलमध्ये असंच फंक्शन होतं, तेच समोर ठेवलं. (डिलिमिटर बदलायचा विसरलो आणि वीस मिनिटं एररशी झटापट केली, ती प्रत्येकजण करतो, तिची वेगळी गोष्ट नाही.) मग क्वेरीत रोल नंबर, मग डॅश, मग 'पूर्णनाव', मग डॅश, मग डिव्हिजन, असं सगळं कॉन्कॅटने जोडून एक लांब ओळ तयार केली. चालवली. यादी आली. मध्ये मध्ये काही ओळी मात्र कोऱ्या दिसल्या.

पार्टनर म्हणाला, "या काय आहेत रे?" मी म्हणालो, "एक्सेलमधून इम्पोर्ट करताना रिकाम्या ओळी आल्या असतील." आणि आम्ही दोघांनी मिळून क्वेरीच्या शेवटी एक अट लावली : जिथे ओळ नल नाही तेवढ्याच द्या. कोऱ्या ओळी गेल्या. यादी एक्सेलमध्ये टाकली, अनुक्रमांक 1 ते 109 ओढून घेतले, फॉन्ट बदलला, प्रिंट काढली. इतकी देखणी यादी मी आजवर कुठल्या असाइनमेंटमध्येही दिलेली नाही.

कंपनीने त्याच यादीवरून टेस्टच्या लिंक पाठवल्या. टेस्ट दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. आदल्या रात्री नऊच्या सुमारास वर्गातल्या एका मुलीचा फोन आला. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, अभ्यासात आमच्या दोघांपेक्षा कितीतरी पुढे. ती म्हणाली, "अरे, मला लिंक नाही आली. यात डिप्लोमाचे मार्क धरत नाहीत का?"

तिने "तुमची यादी चुकली का?" असं विचारलं नाही. चूक आपल्यातच काहीतरी असणार असं ती धरून चालली होती. डिप्लोमावाल्यांना कॉलेजात पहिल्या दिवसापासून जे ऐकावं लागतं, त्यानंतर तिने असं धरणं साहजिकच होतं. मला तो फोन अजून आठवतो.

आता जरा तांत्रिक बोलू, कारण चूक कशी शोधली हे मला सांगायचंच आहे. लॅबमध्ये क्वेरी लिहायला शिकवतात. क्वेरी चुकली तर काय करायचं हे कोणी शिकवत नाही. आणि ही चूक अशी की एरर येतच नाही! एरर आली असती तर आम्ही त्याच दिवशी गूगल केलं असतं.

पहिलं काम केलं मोजण्याचं. 'पूर्णनाव' काढून टाकून नुसते एलिजिबल रोल नंबर मोजले : 126. यादीत 109. म्हणजे सतरा कमी. हे दोन आकडे संध्याकाळीच काढायला अर्धा मिनिट लागला असता. दुसरं, फंक्शनला माझं स्वतःचं नाव देऊन बघितलं. बरोबर आलं. पार्टनरचं दिलं, तेही बरोबर. इथे क्षणभर वाटलं की फंक्शन ठीक आहे, डेटाच गंडला आहे. पण गंमत अशी की आपण टेस्ट करताना नेहमी स्वतःचंच नाव घालतो, आणि स्वतःचं नाव आपल्याला पूर्ण पाठ असतं. मग तिचा रोल नंबर टाकून फंक्शन चालवलं. उत्तर आलं : नल.

तिसरी पायरी सगळ्यात कामाची. जोडलेल्या ओळीकडे बघत बसायचं नाही, जोड उसवायचा. तीनही रकाने वेगवेगळे काढायचे. तेही नुसते नाही, कारण स्क्रीनवर रिकामी स्ट्रिंग आणि एक स्पेस असलेली स्ट्रिंग अगदी सारखी दिसते. मायएसक्यूएलमध्ये 'कोट' नावाचं एक तयार फंक्शन आहे. ते स्ट्रिंगभोवती अवतरण चिन्हं घालून देतं, आणि किंमत नल असेल तर चिन्हांशिवाय नल हा शब्द देतं. त्यामुळे नल, रिकामं आणि स्पेस हे तिन्ही एका नजरेत वेगळे कळतात. ते लावलं आणि दिसलं : नाव आहे, आडनाव आहे, मधलं नाव नल.

सतराही जणांचं तेच. बहुतेक सगळे थेट दुसऱ्या वर्षाचे. त्यांचा डेटा वेगळ्या शीटमधून आला होता आणि त्या शीटमध्ये मधल्या नावाचा रकानाच नव्हता.

ज्यांचा डेटाबेसशी संबंध नाही त्यांच्यासाठी : रकान्यात काहीच भरलेलं नसेल तर तिथे 'नल' असतं. ते शून्य किंवा रिकामी स्ट्रिंग धरलं जात नाही. "इथे काय आहे ते मला माहीत नाही" असं डेटाबेस म्हणतो आहे असं समजा. आता "स्नेहल" अधिक "माहीत नाही" अधिक "पाटील" किती? तर्काने बघितलं तर उत्तर "माहीत नाही" हेच. म्हणून मायएसक्यूएलच्या कॉन्कॅटमध्ये एक तुकडा जरी नल असला तरी सगळी ओळ नल होते. आम्ही रोल नंबर आणि डिव्हिजनही त्याच ओळीत जोडले होते, त्यामुळे मधल्या नावाबरोबर रोल नंबरही बुडाला. तो वेगळ्या रकान्यात असता तर कोऱ्या नावापुढे नंबर दिसला असता आणि आम्हा दोघा शहाण्यांना कळलं असतं की इथे कोणीतरी माणूस आहे.

पण मग लॅबमधलं फंक्शन कसं काय चालत होतं? हा प्रश्न मला रात्री दीड वाजता पडला, आणि उत्तर मिळाल्यावर झोपच उडाली. लॅबमध्ये आम्ही ऑरेकल वापरलं होतं. ऑरेकलमध्ये दोन उभ्या रेघांनी स्ट्रिंग जोडतात, आणि त्यात एखादा तुकडा नल असला तर ऑरेकल तो सोडून देऊन बाकीचे जोडतं. उलट ऑरेकल रिकाम्या स्ट्रिंगलाही नलच समजतं. म्हणजे तिथे ही चूक होऊच शकत नाही! एसक्यूएलच्या स्टँडर्डप्रमाणे मात्र उभ्या रेघांनी नल जोडला तर उत्तर नल यायला हवं, आणि पोस्टग्रेस तसंच वागतं. मायएसक्यूएलमध्ये त्याच दोन उभ्या रेघांचा डीफॉल्ट अर्थ 'किंवा' असा आहे, तिथे जोडणी होतच नाही. अधिकचं चिन्ह वापराल तर मायएसक्यूएल दोन्ही नावांचे आकडे करून बेरीज करतं आणि 'स्नेहल' अधिक 'पाटील' बरोबर 0 असं सांगतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये अधिकने जोडलं की नल पसरतो, पण 2012 च्या आवृत्तीत आलेलं कॉन्कॅट नलला रिकामं धरतं. म्हणजे 'कॉन्कॅट' या एकाच नावाचं फंक्शन मायएसक्यूएलमध्ये एक उत्तर देतं आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये दुसरं. आणि अॅक्सेसमध्ये तर एकाच घरात दोन स्वभाव : अँपरसँडने जोडलं तर नल गिळला जातो, अधिकने जोडलं तर सगळंच नल होतं.

अॅक्सेसचा विषय निघालाच आहे तर, ज्यांच्या मामा-काकांच्या ऑफिसात अजून अॅक्सेस चालतं त्यांच्यासाठी एक सांगतो. तिथे व्हीबीएमध्ये स्वतःचं फंक्शन लिहून ते क्वेरीत वापरता येतं. पण पॅरामीटरचा प्रकार 'स्ट्रिंग' ठेवला तर त्यात नल बसूच शकत नाही आणि त्या ओळीपुढे एरर छापली जाते. प्रकार 'व्हेरिअंट' ठेवायचा आणि आत नल आहे का ते तपासायचं. शिवाय तीच क्वेरी अॅक्सेसच्या बाहेरून, जावामधून किंवा पीएचपीमधून चालवली तर "असं फंक्शनच नाही" असं उत्तर येतं, कारण व्हीबीए अॅक्सेसच्या आत राहतं, डेटाबेसच्या इंजिनात नाही. आणि मोड्यूलला आणि फंक्शनला एकच नाव ठेवलंत तरी हीच एरर! यात माझा एक अख्खा रविवार गेलेला आहे.

असो. रात्री दोनला मी जो उपाय केला तो तुम्हीही केला असता. इफनल. मधलं नाव नल असेल तर रिकामी स्ट्रिंग घे. सतराही नावं आली, पण मधे दोन-दोन स्पेस! दिसायला काही वाटत नाही, पण टीपीओ ऑफिसच्या शीटशी नावं जुळवायला गेलो की एकही जुळेना. मग सापडलं कॉन्कॅट_डब्ल्यूएस. याला आधी विभाजक सांगायचा, मग तुकडे. नल तुकडा आला तर तो आणि त्याचा विभाजक दोन्ही सोडून देतं. वाटलं, जिंकलो! तरी तीन नावांत दोन स्पेस राहिलेच. कारण त्या तिघांच्या मधल्या नावात नल नव्हता, रिकामी स्ट्रिंग होती, आणि कॉन्कॅट_डब्ल्यूएस रिकाम्या स्ट्रिंगला सोडत नाही. शेवटी प्रत्येक तुकडा आधी ट्रिम करायचा, रिकामा निघाला तर नलिफने त्याचा नल करायचा, आणि मग जोडायचं, असं झालं :

कॉन्कॅट_डब्ल्यूएस(' ', नलिफ(ट्रिम(नाव), ''), नलिफ(ट्रिम(वडील), ''), नलिफ(ट्रिम(आडनाव), ''))

ही ओळ वहीत लिहून ठेवा, उपयोगी पडेल. फक्त एक लक्षात असू द्या : तीनही तुकडे नल असतील तर ही ओळ नल देत नाही, रिकामी स्ट्रिंग देते. म्हणजे नंतर कोणी "नल नसलेल्या ओळी द्या" म्हणालं तर बिननावाचा माणूसही त्यातून खुशाल बाहेर येईल.

टीपीओ सरांनी रात्रीच कंपनीला फोन केला. सकाळी आठपर्यंत सतराही जणांना लिंक गेल्या. पंधरा जणांनी टेस्ट दिली. दोघं गणपतीसाठी गावी निघालेले होते, एसटीत रेंज नव्हती, त्यांना मेसेज दिसला तेव्हा दुपार झाली होती. त्यातला एक आजही कॅन्टीनमध्ये भेटला की हसून बोलतो, चहाचे पैसे देऊ देत नाही. त्याने मला एकदाही विचारलेलं नाही की त्या दिवशी नेमकं काय झालं होतं.

इथपर्यंत सांगितलं ते झालं ट्रबलशूटिंग. आता माझं मत.

माझं मत असं की इफनल हा उपाय नव्हता आणि कॉन्कॅट_डब्ल्यूएसही नव्हता. दोन्हींनी यादी नीट झाली, पण ती सतरा मधली नावं का नल आहेत हे मला अजूनही माहीत नव्हतं. मी फक्त डेटाबेसचं तोंड बंद केलं होतं. पहिल्यांदा त्याने कोऱ्या ओळी दाखवून "मला माहीत नाही" म्हटलं तेव्हा आम्ही त्या ओळी फेकल्या, दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्याच्या तोंडात रिकामी स्ट्रिंग कोंबली. फंक्शन लिहिण्याचा हा धोका असतो. एकदा 'पूर्णनाव' असं छान नाव दिलं की आत काय गिळलं जातंय ते बाहेरून दिसत नाही, आणि वापरणारा धरून चालतो की आत कोणीतरी विचार केलेला असणार.

ही सवय आपल्याला लागते कुठे? ऑरेकलच्या त्या जगप्रसिद्ध 'एम्प' टेबलात. आठवा : चौदा ओळी, स्मिथ, अॅलन, वॉर्ड, किंग. पगार अधिक कमिशन काढा म्हटलं की दहा जणांचं उत्तर नल येतं, मग मॅडम सांगतात एनव्हीएल लावा, नलचा शून्य होतो, जर्नलवर सही होते. पण ते टेबल जरा नीट बघा ना! कमिशनचा आकडा फक्त चौघांकडे आहे आणि ते चौघेही सेल्समन आहेत. त्यातल्या टर्नरचं कमिशन चक्क 0 आहे. म्हणजे टर्नरला कमिशन मिळू शकतं, पण त्याचा आकडा शून्य आहे. आणि किंग हा प्रेसिडेंट, त्याला कमिशन हा प्रकारच लागू नाही, म्हणून नल. ज्याने कोणी हा डेटा बनवला त्याने शून्य आणि नल यांतला फरक चौदा ओळींत मांडून ठेवला आहे, आणि आपण पहिल्याच प्रॅक्टिकलला एनव्हीएल लावून तो पुसून टाकतो. बेरजेसाठी तो शून्य योग्यच आहे. पण त्यातून बोटांना जी सवय लागते ती पुढे नावांवरही चालते.

रिलेशनल मॉडेल ज्यांनी 1970 साली मांडलं त्या कॉड साहेबांनाही हा घोळ दिसत होता. 1990 च्या पुस्तकात त्यांनी सुचवलं होतं की एका नलऐवजी दोन खुणा ठेवा : एक 'किंमत आहे पण आपल्याकडे नाही' यासाठी, दुसरी 'इथे किंमत लागूच नाही' यासाठी. पण आज आपण वापरतो त्या डेटाबेसमध्ये नल एकच आहे. दोन खुणांचं लॉजिक फार गुंतागुंतीचं होतं अशी टीका झाली आणि ती मला पटते. म्हणजे फरक ओळखण्याचं काम टेबल बनवणाऱ्यावर, पर्यायाने आपल्यावर येतं.

म्हणून टेस्ट झाल्यानंतरच्या आठवड्यात मी एक अगदी अनइंजिनिअरिंग काम केलं. वही घेऊन सतराही जणांना भेटलो आणि विचारलं, "तुझं मधलं नाव यादीत नाही, काय लिहू?" अकरा जण म्हणाले, "आहे की, फॉर्ममध्ये रकाना नव्हता." तिघांनी ते फॉर्ममध्ये मुद्दाम कोरं सोडलं होतं. त्यातला एक केरळचा, त्याच्याकडे मधलं नाव हा प्रकारच नाही, आडनावाच्या जागी वडिलांचं नाव आहे. दोघांनी खांदे उडवले, "काहीही लिही." आणि एकजण म्हणाला, "आईचं लाव." ती फोन करणारी मुलगी अकरांतली निघाली. तिचं पूर्ण नाव बाकी सगळ्या कागदांवर व्यवस्थित आहे, आमच्याच टेबलात नव्हतं.

म्हणजे एका नलच्या पोटात चार वेगवेगळ्या गोष्टी! कुठलंही फंक्शन, कितीही हुशारीने लिहिलेलं, या चारांत फरक करू शकलं नसतं. ती माहिती टेबलात नव्हतीच, माणसांकडे होती.

यावरून मी एका निष्कर्षाला आलो, तो आमच्या डीबीएमएसच्या सरांना पटलेला नाही, तरी लिहितो. ईआर डायग्राम शिकताना संयुक्त अॅट्रिब्यूटचं पहिलं उदाहरण कुठलं असतं? नाव! सिल्बरशॅट्झ-कॉर्थ-सुदर्शन उघडा की एल्मास्री-नवाथे, दोन्हींत नावाचे तीन भाग आहेत आणि मधला भाग म्हणजे 'मिडल इनिशियल', एक अक्षर. अमेरिकन पद्धत. आपण ते इनिशियल काढून तिथे वडील बसवले आणि पुढे निघालो. सरांचं म्हणणं, पूर्ण नाव हे तीन भागांतून काढता येतं, म्हणून ते साठवू नये, फंक्शनने काढावं, जसं जन्मतारखेवरून वय. माझं म्हणणं, वय निघतं कारण सगळ्यांचं वय एकाच नियमाने वाढतं. पूर्ण नाव तसं निघत नाही. ते विचारावं लागतं आणि वेगळ्या रकान्यात, 'छापायचं नाव' म्हणून, जसं सांगितलं तसं ठेवावं लागतं. सर म्हणतात, मग तीन भाग बदलले आणि छापायचं नाव तसंच राहिलं तर? मुद्दा खरा आहे, विसंगती येऊ शकते. पण विसंगती दिसते तरी, आणि दुरुस्त करता येते. नल झालेली ओळ दिसतच नाही.

आणि समजा सरांचंच बरोबर मानलं, तरी 'पूर्णनाव' फंक्शनचे तीन पॅरामीटर किती दिवस टिकणार? 2024 साली महाराष्ट्र सरकारने ठरवलं की 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांवर नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमाने नाव लिहायचं. ही बाळं साधारण 2042 ला इंजिनिअरिंगला येतील. तेव्हा टीपीओ ऑफिसात माझं फंक्शन कोणी शोधून काढू नये एवढीच प्रार्थना!

नावं लांब झाली की आणखी एक भोक उघडतं, ते म्हणजे फंक्शनच्या परतीच्या स्ट्रिंगची लांबी. मी जर्नलमधून उतरवताना 'व्हारकॅर 30' ठेवली होती. सर्व्हरचा स्ट्रिक्ट मोड चालू असेल तर जास्त लांबीला एरर येते, बंद असेल तर शेपूट कापून नुसती एक वॉर्निंग, जी कोणी वाचत नाही. यात मराठी नावांची तर जास्तच कुचंबणा. 'ज्ञानेश्वर' हे आपल्याला चार अक्षरी नाव. युनिकोडमध्ये मोजा : ज, हलंत, ञ, काना, न, मात्रा, श, हलंत, व, र. दहा झाले. यूटीएफ-8 मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे तीस. ऑरेकलचं व्हारकॅर डीफॉल्टने बाइट मोजतं, तिथे तीसच्या रकान्यात एकटे ज्ञानेश्वर मावतात, पुढे साधी स्पेस द्यायलाही जागा नाही. मायएसक्यूएल रकान्यात कॅरेक्टर मोजतं, तिथे निभावतं. पण ग्रुप_कॉन्कॅटने सगळ्या डिव्हिजनची नावं एका ओळीत काढायला जाल तर तिथे डीफॉल्ट मर्यादा 1024 बाइटची आहे, म्हणजे देवनागरीची जेमतेम 341 चिन्हं. पुढची नावं कापली जातात. मुकाट्याने. रोल नंबरने यादी लावली असेल तर दर वेळी तेच शेवटचे बळी. आधी ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन वाढवून घ्या.

वसईच्या मित्रांची वेगळीच तऱ्हा. डि'सोझा आणि डि'मेलो यांच्या नावातलं ते एक चिन्ह! क्वेरीच जर पीएचपीत स्ट्रिंग जोडून जोडून बनवली असेल तर त्या चिन्हाशी स्ट्रिंग संपते आणि क्वेरी मोडते. त्या बिचाऱ्याला सांगतात, "आडनावातलं ते काढून टाक, म्हणजे चालेल." अहो, आडनाव बदलण्यापेक्षा प्रीपेअर्ड स्टेटमेंट लिहिणं सोपं आहे. आणि जिथे आडनावाने क्वेरी मोडते तिथून कोणीही आत शिरून टेबल उडवू शकतो, हे वेगळं सांगायला नको.

फंक्शन लिहूच नका असं मी म्हणत नाही. वेगाची तक्रार मात्र खरी आहे. क्वेरीत ठेवलेलं आपलं फंक्शन ओळीगणिक चालतं, ऑप्टिमायझरला ते बंद डब्यासारखं दिसतं, आणि वेअरमध्ये त्यातून रकाना गेला की त्या रकान्यावरचा इंडेक्सही साधारणपणे वाया जातो. एसक्यूएल सर्व्हरच्या 2019 च्या आवृत्तीपासून अशी बरीचशी फंक्शन्स उलगडून मूळ क्वेरीत मिसळली जातात. ज्या 'फ्रॉइड' नावाच्या कामातून हे आलं त्यातले कार्तिक रामचंद्र हे आपल्या आयआयटी मुंबईत, वर म्हटलेल्या पुस्तकातल्याच सुदर्शन सरांकडे पीएचडी केलेले. म्हणजे पुस्तक वाचून मार्कांपलीकडेही काही होतं म्हणायचं. पण दीडशे मुलांच्या यादीत वेगाचा प्रश्न नसतो. आमची क्वेरी पापणी लवायच्या आत संपली होती.

सध्या मी एवढंच केलं आहे की डिपार्टमेंटच्या टेबलात 'छापायचं नाव' हा रकाना वाढवला, आणि यादी काढणाऱ्या क्वेरीच्या आधी एक मोजणारी क्वेरी ठेवली. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर यादी निघतच नाही. प्रिंट काढायला आलेले लोक वैतागतात, मग मी त्यांना न जुळलेले रोल नंबर देतो आणि म्हणतो, जाऊन विचारून या.

आणि लॅब इन्चार्ज मॅडमना एक अर्ज दिला आहे. फंक्शनच्या प्रॅक्टिकलला 'एम्प' टेबलासोबत आपलं एक टेबल ठेवा. त्यात एक मधलं नाव नल, एक रिकामं, एक नुसती स्पेस, एकात 'एन ए' असं लिहिलेलं, एक डि'सोझा, एक ज्ञानेश्वर, एक नुसतं आडनाव असलेला, एक आईचं नाव लावणारा, आणि एक ज्याच्या नावापुढे स्पेस चिकटलेली आहे असा. सगळ्यांची पूर्ण नावं छापा, आणि किती जणांच्या बाबतीत विचारावं लागेल ते लिहा. मॅडम म्हणाल्या, दहा ओळी पूर्ण करून आण, मग बघू. नऊ झाल्या आहेत. दहावी कोणाला सुचली तर दुपारच्या सुट्टीत लॅबमध्ये भेटा, मी शेवटच्या रांगेतल्या खिडकीजवळच्या मशीनवर असतो.